आमचे स्वाध्याय आम्हाला परत द्या

माननीय प्राचार्य सर, महाविद्यालय विकास समितीचे सर्व सदस्य आणि आमचे सगळे सर-मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये एका शनिवारी आम्हाला वीस-वीस जणांच्या गटाने संगणक कक्षात बसवलं होतं. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेची तपासणी व्हायची होती आणि त्याआधी विद्यार्थ्यांचे अभिप्राय भरून घ्यायचे होते. नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाच्या नमुन्यावरच फॉर्म बनवला होता. वीस प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय, चारपासून शून्यापर्यंत गुण. वर्गात किती टक्के अभ्यासक्रम शिकवला गेला? शिक्षक किती तयारी करून येतात? अंतर्गत मूल्यमापन न्याय्य असतं का? तुमच्या स्वाध्यायांबद्दल तुमच्याशी चर्चा होते का? दाराशी उभ्या असलेल्यांनी सांगितलं, "सगळीकडे चार टाका आणि लवकर उठा, पुढची बॅच थांबलीये." मी सगळीकडे चार टाकले. शेवटी एक रिकामी चौकट होती. शिकणं-शिकवणं सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा, असं तिच्यावर होतं. मी तिथे "काही नाही" एवढंच टाइप केलं आणि उठले.

परत जाताना एसटीत खिडकीशी बसले आणि मला फार वाईट वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या शिकण्याबद्दल विचारलं होतं आणि मी काहीच सांगितलं नव्हतं. कुणी दटावलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. पुढची बॅच थांबली होती म्हणून मी माझं मत गिळलं. त्या चौकटीत लिहायला हवं होतं ते या पत्रात लिहिते आहे.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. तालुक्याच्या गावी, फक्त कला शाखा असलेली, तीनशेच्या आसपास मुलांची कॉलेजं आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुसऱ्या तालुक्यांत शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा त्यांनीही जवळपास हेच सांगितलं. त्यामुळे हे पत्र वाचून कुणाला आपलंच कॉलेज आठवलं तर ते बरोबरच आहे.

आधी कॉलेजबद्दल जे चांगलं वाटतं ते सांगते, कारण फॉर्ममध्ये त्यालाही जागा नव्हती. मी जून 2024 मध्ये प्रथम वर्षाला आले. माझ्या घरात दहावीच्या पुढे शिकलेलं कुणी नव्हतं. पहिल्या आठवड्यात मला वेळापत्रक वाचता येत नव्हतं. मेजर म्हणजे मुख्य विषय कोणता, मायनर म्हणजे दुय्यम विषयाला कुठे बसायचं, ओई म्हणजे खुल्या वैकल्पिक विषयाचा तास कुठल्या खोलीत, काही कळत नव्हतं. ऑफिसमधल्या काकांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं. आमच्या इतिहासाच्या वर्गात आम्ही एकोणीस जण आहोत. सरांना प्रत्येकाचं गाव माहीत आहे, कुणाच्या गावची एसटी पावसात बंद होते हेही माहीत आहे. आजी गेली तेव्हा मी चार दिवस आले नाही, तर पाचव्या दिवशी मराठीच्या सरांनी व्हरांड्यात थांबवून विचारलं. पुण्यात शिकणारी माझी मामेबहीण म्हणते, त्यांच्या वर्गात ऐंशी मुलं आहेत आणि तिचं नाव अजून एकाही शिक्षकाला माहीत नाही. आपल्याकडे प्रत्येक शिक्षकाला प्रत्येक मूल माहीत आहे. एवढी मोठी गोष्ट आपल्याजवळ असताना तिचा शिकवण्यासाठी उपयोग का होत नाही, हे मला विचारायचं आहे.

पहिला प्रश्न होता अभ्यासक्रम किती शिकवला याचा. खरं उत्तर 85 ते 100 टक्के हेच आहे, त्यात मी खोटं बोलले नाही. सगळे घटक पूर्ण झाले. पण बहुतेक घटक आमच्या वहीत उतरले ते सांगून लिहून घेतल्यामुळे. सर वाक्य दोनदा सांगतात, आम्ही लिहितो, पूर्णविराम. ते वाक्य आधीच गाईडमध्ये असतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही आयएमपी, म्हणजे महत्त्वाचे प्रश्न, मागतो, सर देतात, आणि त्यातलंच येतं. यात आमचीही चूक आहे हे मला मान्य आहे. कुणी नोट्स न देता नुसतं बोलायला लागलं की आम्हीच मागून म्हणतो, "सर, लिहून द्या ना."

पण एकदा वेगळं झालं होतं. आधुनिक महाराष्ट्राच्या पेपरात 'हंटर आयोगापुढील महात्मा फुले यांचे निवेदन' ही टीप हमखास येणारी. हंटर आयोग म्हणजे ब्रिटिश सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेला आयोग. गाईडमध्ये तिचे चार मुद्दे आहेत: प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, बहुजन समाजाला शिक्षण मिळावे, उच्च शिक्षणावर होणारा खर्च वरिष्ठ वर्गाच्याच उपयोगी पडतो, स्त्रियांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे. मी ते पाठ केले होते. तो घटक शिकवायला तासिका तत्त्वावरच्या मॅडम होत्या. त्या दिवशी त्यांनी मुद्दे सांगितलेच नाहीत. मूळ निवेदन इंग्रजीत आहे. त्याची आणि मराठी अनुवादाची झेरॉक्स त्यांनी आणली होती, दोघा-दोघांत एक. म्हणाल्या, "वाचा आणि तुम्हाला काय नवीन दिसतं ते सांगा."

आम्हाला वाचायला वेळ लागला. मग एकेक जण बोलायला लागलं. तारीख होती 19 ऑक्टोबर 1882. सक्ती किती वर्षांपर्यंत हवी तेही फुल्यांनी लिहिलं होतं, निदान बारा वर्षांपर्यंत. खेड्यातल्या शाळेत काय शिकवावं याची यादी होती: मोडी आणि बालबोध लिपी वाचणं-लिहिणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीतीचे आणि आरोग्याचे काही धडे. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातला असावा, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरायला त्याला लाज वाटू नये, असं लिहिलं होतं. प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस द्यावा, हेही होतं. यातलं काहीच गाईडमध्ये नव्हतं. माझ्या शेजारच्या मुलाचे वडील सुतारकाम करतात. 'वाकस' हा शब्द वर्गात फक्त त्याला माहीत होता. तो उठून फळ्यापाशी गेला आणि वाकस कशी असते ते काढून दाखवलं. दोन वर्षांत तो वर्गात बोललेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मग कुणीतरी विचारलं, तेव्हाचे बारा रुपये म्हणजे किती? मॅडम म्हणाल्या, हा फार चांगला प्रश्न आहे, आपण शोधू. त्या काळी धान्य काय भावाने मिळायचं, मजूर दिवसाला किती कमवायचा, हे कुठे सापडेल यावर बोलणं सुरू झालं. सरकारी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा ग्रंथ, हा शब्द आम्ही तिथे ऐकला. घंटा होऊन वीस मिनिटं झाली तरी कुणी उठलं नाही. त्या दिवशी आम्ही अकरा जणांनी बारा दहाची बस सोडली आणि दोनच्या बसने घरी गेलो. मॅडमना दुसऱ्या कॉलेजवर पुढचा तास होता, त्यांनाही उशीर झाला. त्यांना तिथे काय ऐकावं लागलं असेल ते आम्हाला नंतर कळलं नाही.

परीक्षेत ती टीप आली, पाच गुणांना. मी नांगराची मूठ लिहिली, बारा रुपये लिहिले, मोडी-बालबोध लिहिलं. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली. टिपेच्या शेजारी 2 असा आकडा होता. संपूर्ण उत्तरपत्रिकेत आकड्यांखेरीज एक अक्षर नव्हतं. दोनच का, ते मला आजही माहीत नाही. माझं लिहिणं विस्कळीत असेल, मुख्य मुद्दा राहिला असेल. तसं असेल तर ते मला शिकायचं आहे. पण आकड्याकडे बघून ते शिकता येत नाही.

म्हणून मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो स्वाध्यायांबद्दलचा प्रश्न. तुमच्या स्वाध्यायांबद्दल तुमच्याशी चर्चा होते का? पर्याय होते: प्रत्येक वेळी, बहुतेक वेळा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. मी "प्रत्येक वेळी" निवडलं. खरं उत्तर, चार सत्रांत एकदा.

विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर आपलं कॉलेज काही करू शकत नाही, हे मला समजतं. पण इंटर्नल आपल्या हातात आहे. प्रत्येक विषयाला आम्ही स्वाध्याय लिहितो. फुलस्केप कागद, डाव्या बाजूला समास, वर पुठ्ठ्याचं कव्हर, हिरव्या दोऱ्याने बांधलेलं. कुणी गाईडवरून लिहितं, कुणी मागच्या वर्षीच्या ताईच्या स्वाध्यायावरून, हल्ली कुणी मोबाइलला विचारून. ठरलेल्या तारखेला गठ्ठा टेबलावर जमा होतो, यादीत नावापुढे सही होते, आणि गठ्ठा तपासणीसाठी पुरावा म्हणून स्टोअर रूममध्ये जातो. तो पुन्हा आमच्याकडे येत नाही. कुणी वाचणार नाही हे एकदा कळलं की मूल उतरवून काढतं. मीही उतरवले आहेत. पहिल्या सत्रात राज्यशास्त्राचा स्वाध्याय मी एका रात्रीत मैत्रिणीच्या वहीतून उतरवला आणि आम्हा दोघींना सारखेच गुण मिळाले.

जे एकदा झालं ते असं. दुसऱ्या सत्रात मराठीच्या सरांनी 'माझ्या गावातली एक जुनी वस्तू' यावर दोन पानं लिहायला सांगितली होती. मी आमच्या घरातल्या जात्यावर लिहिलं. आठ दिवसांनी सरांनी सगळ्यांचे कागद परत दिले. माझ्या कागदावर तीन ठिकाणी तांबड्या शाईने लिहिलेलं होतं. मी लिहिलं होतं, "पूर्वीच्या बायका फार सुखी होत्या, त्या दळताना ओव्या म्हणत." त्याच्या समासात सरांनी लिहिलं होतं, "हे तुला कसं कळलं? आजीला विचारलंस का?" खाली लिहिलं होतं, "शेवटचा परिच्छेद तुझा वाटत नाही. काढून टाक." तो खरंच माझा नव्हता, एका निबंधाच्या पुस्तकातला होता. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला, कारण माझा कोणता परिच्छेद माझा नाही हे ओळखता येण्याइतकं कुणीतरी माझं लिहिणं वाचलं होतं. त्या रात्री मी आजीला विचारलं. ती म्हणाली, पहाटे तीनला उठून दळावं लागायचं, झोप येऊ नये म्हणून गायचो गं. मी ते पान पुन्हा लिहिलं. आजी त्यानंतर दीड महिन्याने गेली. ते पान आमच्या घरी देवघराच्या फळीवर आहे.

सर, त्या तीन वाक्यांना तुमचा कितीसा वेळ गेला असेल? आमच्या वर्गात एकोणीस मुलं आहेत. ऐंशी मुलांच्या वर्गात हे जमणार नाही हे मला कळतं. पण आपल्याकडे जमू शकतं. लहान कॉलेज असण्याचा याहून मोठा फायदा कोणता? एका सत्रात प्रत्येक विषयाचा एकच स्वाध्याय घ्या, पण तो वाचून, दोन-तीन ओळी लिहून परत द्या, आणि एकदा सुधारून लिहायची संधी द्या. पुराव्यासाठी हवी असेल तर पहिल्या पानाची झेरॉक्स ठेवा.

कुणी म्हणेल, मुलांना यात रस नाही, मुलं भरतीच्या मागे आहेत. हे अर्धं खरं आहे. आमच्या वर्गातली सात मुलं पहाटे पाचला पोलीस भरतीच्या मैदानावर धावायला जातात आणि मग पहिल्या तासाला डुलक्या घेतात. चार-पाच जण एमपीएससी करतो म्हणतात. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. गोल काळे करून चालत नाही, पानंच्या पानं स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात. शहरातले क्लास त्यासाठी हजारो रुपये घेऊन उत्तरं तपासून देतात. तेच काम तीन वर्षं आपल्या कॉलेजमध्ये होऊ शकतं.

आता नव्या धोरणाबद्दल. आमची बॅच राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखालची आपल्याकडची पहिली. प्रवेशाच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं की आता विषय निवडायचं स्वातंत्र्य आहे. 2020चं हे धोरण मी नंतर थोडं वाचलं. त्यात नालंदा आणि तक्षशिला आहेत, चौसष्ट कला आहेत, कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नसावी, असं म्हटलं आहे. मला ते मनापासून आवडलं. शासनाने एप्रिल 2023 मध्ये ठरवून दिलेल्या रचनेनुसार ओई हा मेजर ज्या विद्याशाखेचं असेल तिच्या बाहेरचाच घ्यायचा असतो. विचार चांगलाच आहे. पण आपल्याकडे एकच विद्याशाखा आहे. विज्ञानाचा एक शिक्षक नाही, वाणिज्यचा एक शिक्षक नाही. मग विज्ञानाचा ओई भूगोलाच्या सरांकडे आला आणि वाणिज्यचा अर्थशास्त्राच्या मॅडमकडे. दोघांनी प्रामाणिक प्रयत्न केले, हे मी पाहिलं आहे. भूगोलाचे सर एकदा म्हणाले, "मीही तुमच्याबरोबर शिकतोय." मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. पण दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. त्या तीस तासांत आम्ही एक परीक्षानळी हातात धरली नाही.

मायनरचंही तसंच. मला अर्थशास्त्र हवं होतं. बारा रुपयांच्या प्रश्नानंतर तर ते आणखीच हवंसं वाटलं. पण वेळापत्रकात इतिहास आणि अर्थशास्त्र एकाच वेळी होतं. राज्यशास्त्र घे, म्हणाले. मी घेतलं. सरकारच्या स्वयम् पोर्टलवर ऑनलाइन कोर्स करता येईल असंही सुचवलं होतं. मी नाव नोंदवलं, तीन व्हिडिओ पाहिले. इंग्रजी वेगात होतं, आणि आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. मी सोडून दिलं.

मला जे सुचतं ते साधं आहे. रस्त्याच्या पलीकडे, चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या संस्थेचं वाणिज्य आणि विज्ञान कॉलेज आहे. कॉलेजांनी एकत्र येऊन एकमेकांच्या मुलांना शिकवावं, हे या धोरणाच्या विरुद्ध नक्कीच नाही. आमची एकोणीस मुलं आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या प्रयोगशाळेत बसली आणि त्यांची तेवढीच मुलं आपल्याकडे इतिहास किंवा मराठी शिकायला आली, तर दोन्हीकडचा ओई खरा होईल. दोन संस्थांचे अध्यक्ष एकमेकांशी बोलत नाहीत हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मला त्याचं कारण माहीत नाही आणि विचारायचंही नाही. पण आमच्या तीस तासांसाठी तुम्ही एकदा बोलावं, एवढी विनंती आहे. तोवर माहितीपत्रकात जे विषय खरोखर शिकवले जातात तेवढेच छापा.

या धोरणातली एक गोष्ट मात्र आपल्याकडे खरोखर जमली. क्षेत्र प्रकल्प. काही विषयांत तो इंटरनेटवरून उतरवला गेला, पण इतिहासाच्या सरांनी सांगितलं, आपापल्या गावातले वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेले कोरीव दगड, शोधा. आम्ही एकोणीस जण चौदा गावांचे. माझ्या गावात मारुतीच्या देवळामागे एक दगड आहे. त्याला शेंदूर फासलेला, नवरदेवाला वरातीआधी तिथे नेतात. मी लहानपणापासून त्याला पाया पडत आले. सरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं तर शेंदराखाली खण दिसायला लागले. खालच्या खणात लढणारी माणसं, बाजूला गायी. मधल्या खणात वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा. वरच्या खणात पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गायी राखताना मेलेला कुणीतरी माझ्याच गावचा माणूस. मी पुजाऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले, आम्ही तर त्याला म्हसोबा म्हणतो. दोन्ही मी लिहून घेतलं. आम्ही सगळ्यांनी मिळून 23 वीरगळांची नोंद केली: उंची, खण, कुठे आहे, लोक त्याला काय म्हणतात. मोठ्या शहरातल्या कॉलेजला हे काम इतक्या सहज जमलं नसतं, कारण त्यांची मुलं या चौदा गावांत राहत नाहीत.

डॉ. आंबेडकरांनी 1920च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीपुढे मांडलं होतं की शिकवणं आणि संशोधन यांची फारकत करू नका, त्यात संशोधनाचं नुकसान आहे. फुल्यांचं निवेदन आणणाऱ्या मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, संशोधन ही पीएच.डी. करणाऱ्यांची गोष्ट. वीरगळांनंतर तसं वाटत नाही. ती 23 पानांची वही छापा, निदान टाइप करून ग्रंथालयात ठेवा. पुढच्या बॅचने चोविसाव्या दगडापासून सुरुवात करावी. सध्या ती वहीसुद्धा स्टोअर रूममध्ये आहे.

ग्रंथालयाबद्दल थोडंच. राज्य शासनाने छापलेले फुले-आंबेडकरांचे जाड खंड आपल्याकडे आहेत, काचेच्या कुलूपबंद कपाटात. चिठ्ठी दिली तर मिळतात, पण पुस्तक चाळल्याशिवाय त्याची चिठ्ठी द्यावी असं मुलाला सुचणार कसं? एक कपाट उघडं ठेवा. ग्रंथालय साडेदहाला उघडतं आणि आमचे तास बाराला संपतात, बारा दहाची चुकली तर मग दोनची बस. जवळपास दोन तास आम्ही स्टँडवर बसतो. तेवढा वेळ जेवणाच्या सुट्टीतही ग्रंथालय उघडं राहिलं तर तो तिथे जाईल.

आणि त्या तासिका तत्त्वावरच्या मॅडमबद्दल. त्या नेट पास आहेत, त्यांची पीएच.डी. झाली आहे, आणि त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात. सुट्टीत मिळत नाहीत. त्या दोन कॉलेजांत शिकवतात, स्कूटीवर मधलं अंतर कापतात. त्यांना बसायला विभागात खुर्ची नाही, वेळापत्रकात त्यांच्या जागी 'सीएचबी', म्हणजे तासिका तत्त्व, असं छापलेलं असतं. भरती शासनाच्या हातात आहे, हे मला माहीत आहे. पण वेळापत्रकात नाव छापणं कॉलेजच्या हातात आहे. खुर्ची कॉलेजच्या हातात आहे. त्यांचे दोन तास सलग लावले आणि पुढे अर्धा तास मोकळा ठेवला, तर त्या दिवसासारखा तास पुन्हा होईल आणि कुणाला कुठे उशीर होणार नाही. शिक्षकाला किमान किती पगार हवा हे फुल्यांनी 1882 मध्ये रुपयांत लिहून दिलं होतं. ज्या मॅडमनी ते आम्हाला वाचायला दिलं त्यांना या जूनमध्ये पुन्हा बोलावलं जाईल की नाही, हे त्यांना स्वतःला माहीत नाही. समितीने शासनाला याबद्दल पत्र लिहावं. आम्ही एकोणीस जण त्यावर सह्या करू.

2016च्या विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात, आणि समितीच्या वर्षातून निदान चार बैठका व्हाव्या लागतात. आपल्याकडे विद्यार्थी परिषद कागदावर आहे. तिची निवड कधी झाली ते आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही. आम्हाला त्या बैठकीत बसवा. तिथे आम्ही आरडाओरडा करणार नाही. अभिप्रायाचा फॉर्मही पुन्हा घ्या. घरी भरायला द्या, नाव न घालता, मराठीत, आकड्यांऐवजी वाक्यांत. दाराशी कुणी उभं राहू नका. मग आलेले कागद सगळ्या शिक्षकांनी मिळून वाचा आणि काय करता येईल, काय येणार नाही, ते आम्हाला वर्गात येऊन सांगा. येणार नाही असं सांगितलंत तरी चालेल, फक्त सांगा.

मी यंदा तृतीय वर्षाला आहे. माझे दोन वर्षांचे सगळे स्वाध्याय जिन्याखालच्या स्टोअर रूममध्ये आहेत. त्यातले काही उतरवलेले आहेत, ते नकोत. पण चौथ्या सत्रातला इतिहासाचा एक आहे, हिरव्या दोऱ्याचा, कव्हरवर वीरगळाचं पेन्सिलने काढलेलं चित्र. तो मी स्वतः लिहिला आहे, अकरा दिवस लागले. त्यात दुसऱ्या पानावर एक चूक आहे, ती मला जमा केल्यानंतर लक्षात आली. तो मला परत हवा आहे.

आपली नम्र,
तृतीय वर्ष कला, इतिहास विभागाची एक विद्यार्थिनी